तेल लागलेले ब्रेक लायनर : धुवावे की बदलावे?

सुलतानपूर, मेहकर, लोणार या भागातील आपला बहुतेक व्यापार चाकांवर चालतो. कापडाचे गठ्ठे असोत, किराणा असो की भाजीपाला, आठवडी बाजार गाठायचा तर जीप नाही तर टेम्पो लागतोच. इंजिन बिघडले तर धंद्याचा एक दिवस बुडतो. ब्रेक बिघडले तर माणूस जातो. तरीही काटकसरीची वेळ आली की आपला हात प्रथम ब्रेकच्या खर्चावरच पडतो, ही खेदाची गोष्ट आहे.

मागच्या चाकाचे ऑईल सील फाटले की एक्सलचे तेल ड्रममध्ये उतरते. व्हील सिलिंडर गळू लागला की ब्रेक ऑईल लायनरवर येते. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, चाक आतून ओलसर दिसते, ब्रेक ऑईलची पातळी घटते. अशा वेळी "पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून लावून दे" असे गिऱ्हाईकच सांगते आणि मिस्त्रीही मान डोलावतो.

माझा धंदा कापडाचा. तेलाचा डाग पडलेला तागा आम्ही डाग दाखवून कमी भावात विकतो आणि घेणाराही समजून घेतो. ब्रेकमध्ये मात्र असा 'कमी भावाचा माल' नसतो. लायनर सच्छिद्र असते. तेल त्याच्या आत मुरते. वरून धुतलेले लायनर कोरडे दिसते, पण राजूर घाट किंवा बोथा घाट उतरताना ते तापले की आतले तेल पुन्हा वर येते आणि नेमकी गरज असते तेव्हाच पकड सुटते.

म्हणून हिशेब सरळ ठेवावा. ड्रम व डिस्क लोखंडाचे असतात. ते तेल पीत नाहीत. ते स्वच्छ धुऊन, माप मर्यादेत असेल तर पुन्हा वापरता येतात. लायनर व पॅड मात्र बदललेच पाहिजेत, आणि तेही एकाच चाकाचे नव्हे, तर समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे. नाहीतर दोन्हीकडची पकड सारखी राहत नाही. त्याआधी गळती बंद करावी, नाहीतर नवे लायनरही खराब होईल.

दुसरा घोटाळा नावामुळे होतो. आपण 'ब्रेक ऑईल' म्हणतो, पण डॉट ३ व डॉट ४ हे द्रव खनिज तेल नव्हेत. ते ग्लायकॉलपासून बनतात. त्यांच्या जागी कोणी इंजिन ऑईल ओतले तर रबरी वायसर फुगतात, ब्रेक जाम होतात किंवा बसतात. मग मास्टर सिलिंडरपासून होज पाईपपर्यंत सारे रबर बदलून लाईन धुवावी लागते. शिवाय हे द्रव हवेतील ओलावा शोषते. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून उघडा पडलेला जुना डबा वापरू नये.

मिस्त्री बांधवांनाही एक विनंती आहे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसाचा घात करते. ती ओल्या फडक्याने पुसा. हाताखालच्या कोवळ्या मुलांना त्यापासून दूर ठेवा.

गिऱ्हाईक म्हणते मिस्त्री फसवतो. मिस्त्री म्हणतो गिऱ्हाईक पैसे देत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. यावर उपाय व्यवहारातलाच आहे. मिस्त्रीने काढलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, गळती कुठे होती ते दाखवावे, बिलावर प्रत्येक वस्तू लिहावी. गिऱ्हाइकाने धुलाईचा आग्रह धरला तर काम नाकारावे. एक गिऱ्हाईक तुटेल, पण नाव टिकेल. आणि कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे नावच.

गाडीमालकांनीही समजून घ्यावे की फिटनेस सर्टिफिकेट तपासणीच्या दिवसाचे असते. पुढच्या महिन्यात फाटणाऱ्या सीलची हमी ते देत नाही. आपल्या गाडीत ड्रायव्हर बसतो, हमाल बसतो, वाटेत एखादी म्हातारी बाजाराला जाण्यासाठी हात दाखवते. हे जीव आपल्याकडे अमानत असतात. भावताव गठ्ठ्याच्या दरात जरूर करावा, ब्रेकच्या लायनरमध्ये करू नये.