फटका कोणाला?

बसचा संप झाला की ठरलेला मथळा येतो: ‘संपाचा प्रवाशांना फटका’. त्याच्या आदल्या दिवशी ‘कर्मचाऱ्यांनी संपाचं हत्यार उपसलं’ हेही येऊन गेलेलं असतं. जणू कंडक्टर तलवार घेऊन डेपोबाहेर उभा आहे! वर कोणीतरी सांगतं, इंग्रजीत तर याला स्ट्राइकच म्हणतात, म्हणजे तडाखा.

बरं, तो शब्दच बघू. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हलकेच हात फिरवणं, चोळणं, सरकत जाणं. कुरवाळण्यासाठीचा ‘स्ट्रोक’ त्याच घराण्यातला. जर्मन लोक त्यांचा ‘श्ट्रायखन’ आजही पावाला लोणी लावताना आणि भिंत रंगवताना वापरतात. मारण्याचा अर्थ मागाहून चिकटला. जहाजावर मात्र या शब्दाचा वेगळाच अर्थ होता: शीड खाली उतरवणं. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवली. शीड नाही, तर जहाज हलत नाही. कामबंदीला ‘स्ट्राइक’ हे नाव तिथूनच पडलं असं मानतात. रोज चढवतो ते आज चढवणार नाही, एवढंच त्यात होतं.

आपला ‘संप’ तर त्याहून सभ्य. गुजरातीत संप म्हणजे चक्क एकोपा! हडताळ म्हणजे हाटाला, बाजाराला लावलेलं कुलूप. एकोपा, कुलूप, उतरवलेलं शीड. हत्यार कुठेय यात?

हा शब्दच्छल नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं त्यात होती. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. तरी आजही घराघरांत ऐकू येतं, ‘संपानं गिरण्या संपवल्या’. मालकांनी जुनाट यंत्रं बदलली नाहीत, जमिनीचा भाव कापडापेक्षा गोड लागू लागला, याला मात्र असं तोंडात बसलेलं वाक्य नाही. क्रियापदाचा कर्ता कायम कामगारच.

मथळ्यात ‘पगार थकल्यानं बस बंद’ असं लिहायला जागा जास्त लागत नाही. ‘बोलणी फिसकटली’ तर त्याहून छोटं.

हल्ली जेवण पोचवणारी पोरं दर वाढवून मागण्यासाठी ॲपमधून लॉग आउट होतात. म्हणजे शीडच उतरवतात. आपल्या स्क्रीनवर तेवढं दिसतं: ‘ऑर्डरला उशीर होत आहे’.