पेटी अमेरिकेची, पडदा दादरचा

परदेशी वस्तू घरात येते ती जावयासारखी येते. तिचे स्वागत थाटात होते, तिला उंच जागी बसवतात, आणि आपल्या घरचे काहीच तिला मानवत नाही हे कळायला दोन दिवस लागतात.

2006 सालच्या दिवाळीत असाच एक जावई आमच्या दादरच्या घरी उतरला. आमचे चिरंजीव न्यू जर्सीत असतात. त्यांनी नवा डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर घेतला आणि जुना एका स्नेह्याबरोबर आमच्याकडे रवाना केला. अमेरिकेत नवे आले की जुने भारतात येते, हा अनुभव बहुतेक वाचकांना असेलच. पेटी काळी आणि चपटी, पोटात हार्डडिस्क. कॅसेट नको, तबकडी नको. चालू कार्यक्रम थांबवून खुशाल दूध उतरवून यावे आणि थांबला तिथून पुढे पाहावा, अशी तिची ख्याती. पण आम्हांला तिचे अप्रूप वेगळ्याच कारणासाठी होते. चिरंजीवांनी आपल्या मुलाच्या बारशाचे चित्रण त्या डिस्कवर भरून पाठवले होते, आणि ते पाहण्यासाठी माझी आई दिवस मोजत होती.

आई तेव्हा 86 वर्षांची होती. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याने अंधुकच दिसे. पणतवंडाचे तोंड पाहिले म्हणजे सोन्याची फुले उधळून घेण्याचा मान मिळतो. पण फुलांपेक्षा तिचा जीव एका गोधडीत अडकला होता. आपल्या जुन्या हिरव्या इरकली लुगड्याची गोधडी तिने चार महिने बसून हाताने शिवली होती आणि बाळंतपणाला निघालेल्या आमच्या विहीणबाईंबरोबर पाठवली होती. "तुमच्या गोधडीवरच निजतो हं तो, आजी," असे सूनबाईंनी फोनवर सांगितलेही होते. आई "बरं बाई" म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाली, "फोनवर काय, कोणीही म्हणेल. तिकडे कोण घालतंय लुगड्याची गोधडी!"

पहिले विघ्न विजेचे. अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, आपली 230 व्होल्टची. चिरंजीवांनी बजावले होते म्हणून पेटी वाचली. मी लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला. तो पेटीपेक्षा जड निघाला. जावयाबरोबर त्याचा स्वयंपाकीही सांभाळावा लागावा, तशातला हा प्रकार.

पाडव्याला मंडळी जमली. हिने निरांजन लावून ठेवले. तबकात सोनाराकडून आणलेली चार फुले होती. आईला टीव्हीसमोर अगदी जवळ बसवले आणि मी कळ दाबली.

आवाज आला, तो स्वच्छ. पाळणा म्हणणाऱ्या बायका, हसणे, बाळाच्या कानातले कुर्र, सारे ऐकू आले. पण पडद्यावर मात्र प्रलय होता. चित्र काळेपांढरे, आणि तेही जागेवर ठरेना. मधून एक काळा पट्टा जाई. त्याच्या वर लोकांचे पाय आणि खाली डोकी! पाळणा खालून येई आणि वर निघून जाई, जणू लिफ्टमध्ये बसला आहे. आई मान वर-खाली करत राहिली. शेवटी म्हणाली, "रडतोय तो कळतंय रे. पण आहे कुठे?"

मी धावत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर शेजाऱ्यांना घेऊन आलो. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "बिघाड काही नाही. दोघांची पद्धत जमत नाही, इतकंच."

मग त्यांनी जे सांगितले ते मला प्रथमच कळले. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, आपली पाल. तिथले चित्र 525 ओळींचे, आपले 625 ओळींचे. पडद्यावर आधी विषम ओळी रंगतात, मग सम. असा फेरा तिथे सेकंदाला सुमारे 60 वेळा होतो, आपल्याकडे 50 वेळा. हे आकडे आले विजेवरून. तिथली वीज 60 हर्ट्झची, युरोपातली आणि आपली 50 हर्ट्झची. चित्राची गती विजेशी जुळती ठेवली म्हणजे पडद्यावर विजेचे सरकते पट्टे त्रास देत नाहीत, म्हणून जुन्या काळच्या इंजिनिअरांनी तशी योजना केली. आमचा टीव्ही पन्नासाच्या ठेक्यावर वाढलेला. साठाच्या ठेक्याने आलेले चित्र त्याच्या हातून निसटत होते. रंगाचेही तेच. तिकडे रंगाचा संकेत 3.58 मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे 4.43 वर. आमचा टीव्ही नेहमीच्या पत्त्यावर रंग शोधायला गेला, घराला कुलूप दिसले, तेव्हा रंग नाहीच असे समजून काळेपांढरे दाखवत बसला.

अमेरिकेने रंगीत चित्राची पद्धत 1953 साली ठरवली. तिच्यात वाटेत रंग बिघडत. माणसाचा चेहरा हिरवट किंवा जांभळट होई. जर्मनीतल्या वाल्टर ब्रुख या इंजिनिअरने 1960च्या दशकात यावर तोड काढली. प्रत्येक ओळीत रंगाच्या संकेताचा एक भाग आलटून पालटून उलटा पाठवायचा, म्हणजे एका ओळीतली चूक शेजारची ओळ भरून काढते. हीच पाल पद्धत. आपल्याकडे दिल्लीत टेलिव्हिजन 1959 साली आला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी, आणि 1982 साली रंग आला तो पाल पद्धतीचा. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे संसारासारखंच. एकानं चुकायचं, दुसऱ्यानं सावरायचं." चुकणारी ओळ कोणती, हे विचारण्याचे मी टाळले.

शेजाऱ्यांच्या घरी दुबईहून आणलेला, तिन्ही पद्धती जाणणारा टीव्ही होता. पण आईला तीन जिने चढणे शक्य नव्हते, आणि तो 29 इंची धोंडा खाली आणायला चार हमाल लागले असते, तेही पाडव्याच्या दिवशी! शेवटी नाक्यावरचे रेडिओ दुरुस्त करणारे वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आमच्या जुन्या टीव्हीच्या पाठीमागे एका भोकात पेचकस घातला आणि उभ्या सरकण्याला आवर घालणारा खिळा हळूहळू फिरवला. लिफ्ट मंदावली. थरथरली. थांबली.

चित्र उभे राहिले. रंग नव्हताच, वर-खाली काळी पट्टी सोडून जरा दबलेले होते, पण उभे होते. आई काचेला नाक लागेल इतकी पुढे झुकली.

"नाक बसकं आहे," ती म्हणाली. "आपल्याकडचं नाही."

"चित्र दबलंय, आई."

ती काही बोलली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "ही माझीच. या कोपऱ्यात दोरा संपला, तिथून टाका तिरका गेलाय." मला तिथे करड्या रंगाच्या चौकोनाखेरीज काही दिसेना. म्हातारे माणूस स्वतःची समजूत घालते आहे असे वाटून मी हो ला हो केले. हिने फुले उधळली. त्या रात्री आईने स्वतः न्यू जर्सीला फोन लावायला सांगितला आणि नातसुनेशी अर्धा तास बोलली.

पेटीचा पुढे काही उपयोग झाला नाही. इथल्या वाहिन्या तिला समजत नव्हत्या. घड्याळ साडेनऊ तास मागे. कार्यक्रमांची यादी आणण्यासाठी ती अमेरिकेतला फोन मागे आणि पाच आकडी पिनकोड विचारी. आमचा सहा आकडी पिनकोड तिला मान्य नव्हता. पुढच्या श्रावणात आई गेली आणि पेटी माळ्यावर गेली.

यंदा तो पणतू आला. कॉलेजात जाणारा, सहा फुटी, आणि सरळ नाकाचा. त्यानेच माळ्यावरून पेटी काढली. ट्रान्सफॉर्मरही अजून शाबूत होता. डिस्क थोडा वेळ कण्हली आणि फिरू लागली. हल्लीच्या चपट्या टीव्हीला दोन्ही पद्धती कळतात. मी पेचकस शोधायला उठलो होतो, पण गरज पडली नाही. चित्र रंगांत आले.

पाळण्यात हिरवी इरकली गोधडी होती, लाल काठाची. मी चष्मा सारखा केला आणि पुढे झुकलो. कोपऱ्यात टाका तिरका गेला होता.