पानी उना का?

जुलै संपत आला की आमच्या ऑफिसमध्ये एकच विषय असतो. पावसात कुठे जायचं? डबे उघडले की लोणावळा, ताम्हिणी, माळशेज अशी नावं चटणीसारखी फिरायला लागतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप तयार होतो, त्याचं नाव तीनदा बदलतं, रिसॉर्टचे रेट येतात. यंदा तर रेन डान्सवाल्या रिसॉर्टचं बुकिंगही झालं होतं. खऱ्या पावसात जाऊन खोट्या पावसात नाचायचं! पण असो, ग्रुपमध्ये असे प्रश्न विचारायचे नसतात.

मी मात्र त्या वीकएण्डला 'सॉरी यार' म्हणून कल्टी मारली. 'मी धुळ्याला चाललेय.'

'धुळ्याला? पावसाळ्यात? तिथे पाऊस असतो?'

प्रश्न तसा बरोबरच होता. धुळे म्हटलं की लोकांना ऊन आठवतं आणि फार तर शेवभाजी. सह्याद्री ढगांना पश्चिमेलाच अडवतो, उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं. वर्षभराचा पाऊस साधारण सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढा लोणावळ्यात जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडून जातो. पण मला जायचं होतं कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. पुणे, मुंबई, सुरत, जिथे कुठे पोटासाठी गेलेला खान्देशी माणूस असेल, तो या रविवारी घराकडे निघतो. माझ्या मामाचं गाव धुळ्याला लागून, नकाणे तलावाच्या बाजूला. तलाव, गाव, श्रावण, तीन दिवस सुट्टी. व्हेकेशनला आणखी काय लागतं?

सोमवारची सुट्टी मागितली तर बॉसने कॅलेंडरकडे असं बघितलं, जणू मी सोमवार हा वारच रद्द करायला सांगतेय. पण मिळाली.

शुक्रवारी रात्रीची बस. चांदवडपर्यंत काचेवर पाऊस होता, मालेगावला भुरभुर आणि पहाटे लळिंगचा किल्ला दिसला तेव्हा रस्ता कोरडा ठणठणीत. मामा स्टॅण्डवर घ्यायला आला होता. 'कव्हय उनी वं माय?' हे विचारून झालं आणि लगेच पुढचा प्रश्न, 'तिकडे पानी शे का?'

मी उत्साहात सांगितलं, 'मामा, पुण्यात सॉल्लिड पाऊस! वैताग आलाय नुसता.'

मामा काही बोलला नाही. मोटारसायकलला किक मारली. त्या दिवशी मला भेटलेल्या प्रत्येकाने, किराणावाल्यापासून शेजारच्या आजीपर्यंत, हेच विचारलं. शहरात आपण 'काय म्हणतोस, कसा आहेस?' विचारतो ना, तसं इथे 'पानी उना का?' तुमच्याकडे आला का, कालच्या ढगात काही होतं का, वरच्या अंगाला पडला का. माझ्या 'वैताग'चं काय करायचं ते मला दुपारपर्यंत कळलं होतं. गुपचूप गिळायचा!

झालं असं होतं, की जूनमध्ये मामाने कपाशी लावली. पहिल्या पावसाने आशा दाखवली आणि पाठ फिरवली. बियाणं उगवलं तेवढं करपलं. मग जुलैत दुबार पेरणी. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी. आता वीतभर झालेली रोपं दुपारी माना टाकत होती आणि बारा दिवस थेंब नव्हता. 'हेबी गेलं तर?' मी विचारलं. 'तिबार कोनी पेरत नसतं,' मामा म्हणाला आणि चहा ओतला.

संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. वारा मस्त, वर राखाडी ढग, काठाला बगळे. फोटोसाठी एकदम परफेक्ट. मी मोबाइल काढला. मामा मात्र पाण्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता पाण्याच्या कडेला, जिथे ओल्या चिखलाचा पट्टा संपून वाळलेल्या, भेगाळलेल्या मातीचा पट्टा सुरू होतो. त्याच्यासाठी तलाव म्हणजे तो पट्टा. तो अरुंद झाला की विहिरीचं पाणी वर येतं आणि रुंद झाला की धुळेकरांच्या नळाच्या पाळीतले दिवस वाढतात, कारण शहराला पाणी पाजणाऱ्या तलावांपैकी नकाणे एक.

यात एक गंमत आहे. धुळ्यावर आभाळ कोरडं असलं तरी पांझरेला पाणी येऊ शकतं. ही नदी उगम पावते पश्चिमेला, साक्री तालुक्यातल्या डोंगरात, आणि तिकडे पाऊस बरा असतो. म्हणजे पडतो पिंपळनेरकडे आणि पूर येतो धुळ्यात. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिने शहराला असा काही हिसका दाखवला, की लोक अजून सांगतात. याच नदीवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. लहानसा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी कुणी कधी सोडायचं ते गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ठरवायचं. पंप नाही, वीज नाही, उतारावरून पाणी आपसूक शेतात. आपल्या ऑफिसात एका प्रिंटरवरून भांडणं होतात, इथे अख्खं गाव एक नदी वाटून घेत होतं.

आणि बॉसने वैतागलेल्यांसाठी खास किस्सा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा विशीतल्या या इंजिनीअरला सुरुवातीच्याच दिवसांत खान्देशात पाठवलं होतं. साक्रीजवळच्या दातर्तीला पांझरेच्या एका पाटासाठी पाइपचा सायफन बांधायचा होता. ऐन पावसाळ्यात पुराने काम अडायला लागलं. त्यांनी ते पुढे ढकलायची परवानगी मागितली, तर वरिष्ठांकडून चक्क झाडणी झाली. मग त्यांनी पठ्ठ्यासारखं ते काम पूर्ण करून दाखवलं. डेडलाइन आणि पाऊस यांचं भांडण इतकं जुनं आहे!

शनिवारी रात्री मामीने कढी-फुणके केले. भिजवलेली तूरडाळ भरड वाटून, लसूण-मिरची घालून वाफवलेले मुटके आणि त्यावर गरम कढी. बाहेर पाऊस नसतानासुद्धा पाऊस असल्यासारखं वाटतं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाची देवी, मुखवटा, दागिने, साडी, फुलांचा मांडव. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतलेले, त्या पिठाचे रोट. सोबत पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. मी ताटावर बसले आणि मामी गोड हसत म्हणाली, 'तुले रोट नहीं वं माय.' रोट फक्त कुळातल्यांचे. मी भाची, म्हणजे दुसऱ्या कुळाची. बाकी सगळं पोटभर खा, लाड करून घे, रोटाकडे बघू नको. पुण्यातल्या पिझ्झ्यासाठी कधी एवढा जीव तुटला नव्हता!

रात्री जागरण. बायका अहिराणी गाणी म्हणत होत्या, फुगड्या चालल्या होत्या, सुरतेहून आलेल्या मावश्यांचा आवाज सगळ्यात वर. तीनच्या सुमारास मला डुलकी लागली आणि पत्र्यावर कुणीतरी मूठभर शेंगदाणे टाकल्यासारखा आवाज झाला. मग पोतंभर टाकल्यासारखा.

गाणं क्षणभर थांबलं. नंतर दुप्पट जोरात सुरू झालं.

मी अंगणात धावले. वाटलं, आता मामा नाचेल. मी तर मोबाइलही तयार ठेवला होता. मामा ओसरीच्या कडेला उभा होता, हात मागे बांधून, परीक्षेचा निकाल वाचला जातोय तसा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही बोलला नाही. मी मोबाइल खिशात ठेवला आणि त्याच्या शेजारी नुसती उभी राहिले.

उजाडल्यावर आम्ही शेतात गेलो. त्याने वाकून मातीत बोटं खुपसली. इथे पावसाचं मोजमाप असं, ओल किती बोटं खाली गेली. 'चार बोटं,' तो म्हणाला. मग दुसऱ्या वावरात जाऊन पुन्हा बघितलं. 'आठ दिवसांची सोय झाली.'

बस, एवढंच. 'यंदा वाचलो' वगैरे काही नाही. आठ दिवसांनंतर पुन्हा आभाळाकडे बघायचंच आहे. पण परत येताना तो शीळ घालत होता, आणि माझ्या मामाला शीळ घालताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत सगळे तलावावर. सगळे चिंब, कुणीही छत्री उघडली नाही. त्या पावसात मी जितकी भिजले, तितकी कुठल्याच रिसॉर्टवर भिजले नव्हते. तिकडे ग्रुपवर रेन डान्सचे फोटो येत होते. छान होते. मी लाइकही केले, खोटं कशाला बोलू?

तुम्हीही जा कधीतरी. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याच्या अलीकडेच लळिंगचा किल्ला लागतो, खाली पावसाळ्यात हिरवंगार होणारं कुरण. तिथल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामी होते. कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्याला आले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे मोठी गर्दी जमते. तलावावर संध्याकाळी जा, पण पाण्यात उतरायची मस्ती नको, चिखल दगा देतो. आणि हो, कुणी विचारलंच की तुमच्याकडे पाऊस कसा आहे, तर 'वैताग आलाय' म्हणू नका. सांगा, भरपूर आहे, थोडा इकडे पाठवते.

मंगळवारी ऑफिसला पोचले तेव्हा खाली छत्र्यांची गर्दी आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. लिफ्टमध्ये बॉस म्हणाला, 'काय हा पाऊस!' मी काही बोलले नाही. जागेवर बसले आणि आधी मामाला फोन लावला.

'मामा, पानी उना का?'