रूट विकत घ्यायचाय? जरा थांबा!

अमेरिकेत फेडेक्स ग्राउंडची पार्सलं घरोघरी पोचवण्याचे ‘रूट’ चक्क विकले जातात, एखाद्या चालत्या दुकानासारखे! गाडीवर नाव फेडेक्सचं. पण डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार सगळं कंत्राटदाराच्या खिशातून. ड्रायव्हरने सकाळी दांडी मारली, तरी पार्सलं थांबत नाहीत. नाताळच्या आधी तर जादा गाड्या, जादा माणसं.

हे एकवेळ जमेल हो. खरी मेख वेगळीच आहे. लाखो डॉलर मोजून तुम्ही घेता काय, तर कंपनीशी असलेला मुदतीचा करार. ग्राहकही तुमचे नाहीत आणि पार्सलंही नाहीत.

स्पेन्सर पॅटन हा त्यातला बडा कंत्राटदार. 10 राज्यांत 225 रूट! इंधन आणि पगार वाढल्यामुळे कंत्राटदार बुडताहेत, असं तो 2022 मध्ये उघडपणे बोलू लागला. कंपनीला ते मान्य नव्हतं. ऑगस्टमध्ये तिने त्याचे करारच रद्द केले. गाड्यांचे हप्ते मात्र असे रद्द होत नाहीत!

तिकडचा कुणी नातेवाईक भागीदारीचं विचारत असेल, तर नफ्याचे आकडे नंतर बघा. आधी करार कधी आणि कशामुळे मोडू शकतो, ती कलमं वाचायला मागा.