अ‍ॅप कोणतेही असो, पैसा कोणाकडे?

डोंबिवली : ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची दुकाने अचानक बंद झाली आणि डोंबिवली-ठाण्यातील अनेक मध्यमवर्गीयांची बचत अडकली. आता बचत मोबाइलवरील अ‍ॅपकडे वळत असली, तरी प्रश्न जुनाच आहे : पैसा नेमका कोणाच्या ताब्यात?

बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. म्युच्युअल फंडांवर 'सेबी'चे नियंत्रण आहे. डिजिटल सोने मात्र आपल्या नियमनकक्षेबाहेर असल्याचा इशारा 'सेबी'नेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून उपलब्ध आहे. यादीत नाव नसलेले अ‍ॅप टाळावे. नाव असले, तरी वार्षिक व्याजदर आणि शुल्क तपासूनच कर्ज घ्यावे.