ऑपरेशन झालं, पण पुढचे रिपोर्ट कोण बघणार?

पोस्ट थोडी लांब आहे, पण कावीळ आपल्याकडे घरोघरी असते म्हणून लिहितोय.

आमचे मामा, वय 61. डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी गडद, शौचाला पांढुरकी. नेहमीप्रमाणे आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तीन आठवडे त्यात गेले. मग रक्त तपासलं. बिलिरुबिन 14 (एकच्या आसपास हवं), त्यातलं 11 डायरेक्ट. अल्कलाइन फॉस्फटेज 680, एसजीपीटी मात्र दीडशेच. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी हजाराच्या वर जाऊ शकतं. इथं उलटं चित्र, म्हणजे पित्ताची वाट अडलेली. सोनोग्राफीत नळीत खडा दिसला. झाडपाल्यानं तो काय निघणार!

आणखी एक तपासणी असते, पीटी-आयएनआर. पित्त आतड्यात उतरलं नाही तर व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. मामांचा आकडा 1.9 आला. म्हणून आधी व्हिटॅमिन केची इंजेक्शनं, मग ऑपरेशन. 'आजच करा, थांबलात कशाला' म्हणून डॉक्टरांवर ओरडणाऱ्यांत मीही होतो.

खरा घोळ नंतर झाला. खडा काढला, स्टेंट टाकला, घरी सोडताना बिलिरुबिन 6. दहा दिवसांनीही डोळे पिवळेच. मामी म्हणाली, "एवढं पोट फाडून काय झालं?" आणि पुन्हा त्याच माणसाकडे न्यायची तयारी!

कारण साधं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. कावीळ बरेच दिवस राहिली की काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतं. ते निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. आकडा उतरतोय ना, एवढं बघायचं. उतरलेला आकडा परत चढला, थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. स्टेंट तुंबलेला असू शकतो, खडा राहिलेला असू शकतो.

पण हे कळायला रक्त तपासावं लागतं, आणि मामांच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीखच नव्हती. होतं ते सगळं इंग्रजीत. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, पुढची तारीख. मराठीत या तीन ओळी लिहायला किती वेळ लागतो? राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. म्हणजे अडतंय ते पैशाला नाही.

मामांचा कालचा आकडा 2.1. स्टेंट काढायची तारीख मी स्वतः फोन करून विचारली आणि त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून आलो.