कानोची संपत्ति आणि कानोची रयत

शहराच्या वैभवाचें माप त्याच्या तटावरून, वाड्यांवरून आणि पेठांतील गर्दीवरून घेण्याची सवय सर्व देशांत आहे. तें वैभव ज्यांच्या हातांनीं उभें राहिलें त्यांच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पश्चिम आफ्रिकेंत, नायजेरियाच्या उत्तर भागांत, कानो नांवाचें जें पुरातन शहर आहे, त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. आणि तो दूरदेशींचा म्हणून वाचकांनीं बाजूस सारूं नये, अशी आमची विनंति आहे.

हौसा लोकांचें हें शहर सहारा ओलांडून येणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर वाढलें. मुहंमद रुम्फा (१४६३–१४९९) या राजानें वाडा बांधला, तट वाढविला आणि कुर्मी बाजार वसविला. तो बाजार आजहि भरतो. आसपास कापूस व नीळ पिके, माग चालत, आणि निळीच्या खोल हौदांत कापड रंगून निघे. १८५१ सालीं हाइन्रिख बार्थ हा जर्मन प्रवासी येथें आला. शहराची वस्ती ३०,००० असून व्यापाराच्या हंगामांत ती दुप्पट होते, असा अंदाज त्यानें केला. येथील कापड उत्तरेस त्रिपोलीपर्यंत व पश्चिमेस तिंबक्तूपर्यंत जाई, आणि त्याची वार्षिक निर्गत निदान ३० कोटि कवड्यांची असावी, असें तो लिहितो. आपल्याकडे ‘कवडीमोल’ हा शब्द तुच्छतादर्शक आहे; परंतु मूळची मालदीव बेटांतील ती कवडी हेंच त्या देशीं चलन होतें.

चित्र मनोहर खरें. पण त्याच प्रवाशानें दुसरीहि एक गोष्ट नमूद केली आहे. कानो प्रांतांत जितके स्वतंत्र लोक, निदान तितकेच गुलाम असावे, असा त्याचा अंदाज होता. १८०४ सालीं उस्मान दान फोदियो या धर्मपंडितानें हौसा राजांविरुद्ध जो उठाव केला, त्याच्या कारणांत अन्यायाचे कर हें एक मुख्य कारण होतें. १८०७ सालीं कानो त्याच्या अनुयायांच्या हातीं आलें, फुलानी अमीरांची सत्ता स्थापन झाली. आणि तरीहि त्या शतकांत गुलामांच्या श्रमावर चालणारी शेती वाढतच गेली. गादीवरील घराणें बदललें, पण मानेवरील जूं तसेंच राहिलें.

१९०३ सालीं इंग्रजांनीं कानो घेतलें. लुगार्ड साहेबांनीं जुना अमीर काढून त्याच घराण्यांतील दुसरा बसविला आणि त्याच्या शेजारीं रेसिडेंट नेमला. आमच्या संस्थानांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही युक्ति नवी नाहीं; लुगार्ड यांचा जन्महि मद्रासचाच. गुलामगिरीचा कायदेशीर शेवट मात्र १९३६ सालीं झाला. मुक्ततेची भाषा बोलणाऱ्या सरकारास एवढ्या कामासाठीं तेहतीस वर्षें लागावींत, हें काय दर्शवितें?

१९११ सालीं लोहमार्ग कानोस पोंचला. लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळावा, हा त्यांतील एक हेतु होता. कुणब्यानें भाव पाहून भुईमूग पेरला, आणि साहेबांपेक्षां त्याचाच हिशेब बरोबर ठरला. परंतु १९१३–१४ सालीं पाऊस न झाल्यानें भयंकर दुष्काळ पडला. नगदी पिकाचा पैसा म्हणजे पोटास धान्याची हमी नव्हे, हें तेव्हां कळून आलें. पुढें १९४९ सालीं भुईमुगाच्या खरेदीसाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. भाव स्थिर ठेवणें हा त्याचा जाहीर हेतु. प्रत्यक्षांत जगाच्या बाजारांतील भाव आणि शेतकऱ्यास मिळणारा भाव यांतील अंतर बहुतांशीं सरकारी तिजोरींत जमा झालें. तळें राखील तो पाणी चाखील, ही आपली म्हण तेथेंहि लागू पडली.

पोत्यांचे जे प्रचंड मनोरे त्या काळीं कानोची शान समजले जात, त्यांचें पुढें काय झालें? १९७२–७४ चा दुष्काळ, १९७५ चा पिकावरील रोग, आणि त्याच सुमारास खनिज तेलाचा पैसा! बसल्या जागीं द्रव्य मिळूं लागतांच सरकारास शेतकऱ्याची गरज उरली नाहीं. मनोरे नाहींसे झाले. मागाहून परदेशांतील, विशेषतः चीनमधील, स्वस्त कापडानें क्वारीचा बाजार भरून गेला व गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कोफार मातच्या निळीच्या हौदांवर आतां थोडे रंगारीच काम करतात.

या रयतेस वाणी देणारे पुरुष तेथें निपजलेच नाहींत, असें नाहीं. अमिनू कानो या शिक्षकानें १९५० मध्यें स्थापन झालेल्या पक्षाच्या द्वारें ‘तालाकावा’, म्हणजे सामान्य जन, यांची बाजू अमीरांपुढें निर्भयपणें मांडली आणि स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार केला. तथापि उत्तर भागांतील स्त्रियांस प्रत्यक्ष मतदान करावयास १९७९ साल उजाडावें लागलें. अलीकडे अमीर दुसरे मुहम्मदु सनुसी यांनीं बालविवाहाविरुद्ध व मुलींच्या शिक्षणाच्या बाजूनें उघड मत दिलें. २०१९ सालीं प्रांतिक सरकारनें अमीरातीचे पांच तुकडे केले, २०२० सालीं त्यांस पदच्युत केलें, आणि २०२४ सालीं दुसऱ्या सरकारनें तो कायदा रद्द करून त्यांस पुन्हां गादीवर आणलें. गादी कोणाची, या वादावर जेवढी शक्ति खर्च झाली, तिचा दशांश तरी शाळा, पाणी व कारागिराचें भांडवल यांवर झाली असती, तर किती बरें झालें असतें!

राजे, रेसिडेंट, मंडळें आणि मंत्री आले व गेले. प्रत्येकानें संपत्ति वाढविण्याचें वचन दिलें, आणि ती वाटून घेतांना पिकविणाराला पंगतीबाहेर ठेवलें. आमच्या मतें कानोच्या इतिहासाचें सार एवढेंच आहे. जेथें शेतकऱ्यास आपल्या मालाच्या भावांत, स्त्रीस शिक्षणांत आणि सामान्य माणसास राज्यकारभारांत वाटा नाहीं, तेथें बाजार कितीहि गजबजला तरी तें वैभव भाड्याचें समजावें. आपल्या पेठांकडे व मंडयांकडे पाहतांना आमच्या वाचकांनींहि हेंच माप हातीं घ्यावें.